हँडब्रेक न लावण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, बाजारपेठेतल्या लेडीज टेलरिंगच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणंघेणं नसावं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणून झाला होता, त्याबद्दल चौथ्या कलमात लिहिलं आहे. आधीचं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

कलम १. दुकान, त्यातली शिलाई मशीनं आणि गिऱ्हाइकांची मापं माझ्या मुलीला. ती वीसेक वर्षं गल्ल्यावर बसते आहे, तेव्हा हे कोणाला खुपायचं कारण नाही. ओव्हरलॉकचं मशीन मधूनच दोरा तोडतं. त्याला थोडं बोललं की चालतं. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

कलम २. वरच्या मजल्यावरची राहती जागा आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी.

कलम ३. माझ्या थोरल्या जाऊबाईंना ट्रायल रूममधला उभा आरसा. नवऱ्याच्या माघारी मी दुकान काढलं तेव्हा घराण्याची शोभा गेली, असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. आता निवांत शोधावी.

कलम ४. दुकानामागचं मोकळं आवार. हे मी कोणालाही मालकीने देत नाही. मुलगी आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई यांचा न्यास करून ते गाड्या लावण्यासाठी ठेवत आहे. ते विकू नये, त्यावर बांधू नये आणि त्यातला कोपराही कोणाच्या नावाने राखून ठेवू नये.

असं का, ते लिहिते. शहर वाढलं तशी माणसं लांब राहायला गेली आणि कामाला इथेच येत राहिली. नगरपालिकेने रस्त्यावर पट्टे मारून महिन्याचे पास काढले. ते सगळे मोठ्या कचेऱ्यांनी उचलले. त्यांची गाडी सकाळी लागली की संध्याकाळपर्यंत हलत नाही, आणि दाढ सुजलेला माणूस एका हाताने गाल धरून बाजारभर घिरट्या घालतो. हे मी खिडकीत बसून बटणं लावताना रोज पाहिलं आहे.

आमच्या आवारात पट्टे नाहीत. जो येईल त्याने आत यायचं, गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही. जमीन सपाट आहे. कोणाला बाहेर पडायचं असेल तर त्याने आडव्या गाड्या ढकलाव्यात, आसपासच्यांनी हात लावावा. ज्यांच्या नव्या गाड्यांची चाकं इंजिन बंद केल्यावर आपोआप जाम होतात, त्यांनी किल्ली दुकानात खिळ्याला अडकवून जावं. अशा रीतीने जागेच्या दुप्पट गाड्या मावतात. आमच्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एकदा सवयीने हँडब्रेक ओढला आणि दवाखान्यात जाऊन बसले. त्यांची गाडी शिंप्यांनी आणि पेशंटांनी उचलून बाजूला केली. तेव्हापासून ते गाडीतून उतरल्यावर एकदा वाकून आत बघतात.

माझ्या मुलाने अशीच जाम होणारी गाडी घेतली. किल्ली द्यायला तो तयार नव्हता. त्याने फाटकाजवळची जागा धरून दोन खांब रोवले आणि मध्ये साखळी लावली. मी कुलूपवाल्याला बोलावून ती तोडली.

"आई, जागा आपली आहे," मुलगा म्हणाला. "आपल्याच जागेत मला हक्काचा कोपरा नको?"

"आपली आहे म्हणून तर न विचारता तोडली. दुसऱ्याची असती तर विचारलं असतं."

"माझ्या गाडीला उद्या कोणीही हात लावेल."

"लावू दे की. सगळ्यांच्या गाड्यांना लावतात."

"मग तुझ्या त्या सगळ्यांनाच सांभाळ," असं म्हणून तो गेला. नंतर वकिलाकरवी आवार वाटून मागितलं, तेही मी दिलं नाही. साखळी तोडल्याचं मला आजही काही वाटत नाही. पुन्हा लावली तर पुन्हा तोडेन.

कलम ५. हे कलम वकिलांनी नको म्हटलं होतं. ते ठेवावं.

मागच्या महिन्यात मी आजारी असल्याचं कळून मुलगा आला होता. तो कोणाला बोलला नाही, पण मी वरून त्याची गाडी पाहिली. रस्त्यावर जागा नव्हती. तो फिरून फिरून आमच्या फाटकाशी यायचा, हळू व्हायचा आणि पुढे जायचा. फाटक सताड उघडं होतं. मला खिडकीतून हाक मारायची होती, पण तेवढा आवाज निघाला नाही. शेवटी तो निघून गेला. त्या दिवशी मी खूप रडले. तो मला हवा होता.

माझ्या मागे वरच्या खोलीत हे मृत्युपत्र वाचायला त्याला बोलावणं जाईल आणि त्याला यावं लागेल. त्या दिवशी त्याला रस्त्यावर फिरू देऊ नये. कोणीतरी बाहेर जाऊन त्याला आत आणावं. त्याने किल्ली दिली तर खिळ्याला लावावी. नाही दिली तर मागू नये. त्याची गाडी फाटकात आडवी राहील आणि तो वरून खाली येईपर्यंत कोणालाच बाहेर पडता येणार नाही. हे न्याय्य नाही, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्या गाडीवाल्यांना एकमेकांसाठी थांबायला लावलं. एक दिवस माझ्या मुलासाठी थांबा.

सही: दुकानाची मालकीण
साक्षीदार: १) तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर २) कुलूपवाले
स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार, बाजार बंद