अमावास्येचा काटा

कार्तिक वद्य ३०, शके १८५६. शहादा.
अमावास्या म्हणून कापसाचं जिन बंद. हे तिथे कारकून, मालकांना विचारून मला मागल्या दाराने नेलं. कपाशी तोलायच्या काट्यावर बसले. काटेवाले निजामभाई भले माणूस, तोंड पलीकडे करून एकेक वजन दुसऱ्या पारड्यात ठेवत होते. मी मनात म्हणत होते, आता थांबतील. थांबेनात.
दोन मण आठ शेर.
यांचं वजन विषमज्वरानंतर जेमतेम दीड मण. परतताना हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.
ज्वरात यांची शुद्ध गेली तेव्हा मी तोरणमाळच्या गोरखनाथाला बोलले होते, हे उठले तर शिवरात्रीला माझ्या पायांनी वर येईन, डोली नाही, घोडं नाही. हे उठले. गेल्या शिवरात्रीला अर्ध्या घाटात छाती भरून आली, एका काळ्या दगडावर बसले ती बसलेच. नारळ यांनी वर जाऊन फोडला. तो नवस फिटला नाही, देवालाही ठाऊक, मलाही.
दसऱ्याला हलकं व्हायचं ठरवलं होतं, दिवाळीत मोडलं. आता पुन्हा. शिवरात्र माघात.

मार्गशीर्ष शु. २
पहाटे गोमाई नदीपर्यंत जाऊन आले. रिकाम्या हाताने बाई चालली की गाव विचारतं, म्हणून कडेवर घागर. शेजारची जनाबाई ओट्यावरूनच,
"घरनी हीर शे ना वं? नदीवर कसाले जास?"
म्हटलं, विहिरीचं प्यायला, नदीचं पाणी पूजेला. आता रोज पूजेला नदीचं पाणी आणणं आलं. खोटं बोलले ते खरं करायला हवं.
मांड्या भरून आल्या.

मार्ग. शु. ६
चंपाषष्ठी. भरीत, बाजरीची भाकरी, वर कच्चं तेल. नैवेद्याचं म्हणून एक घेतली. मग मुलांच्या ताटातली. मग तव्यावर एकच उरली होती ती.
नदी नाही.

मार्ग. शु. १२
नुसतं चालून भागणार नाही. उपास वाढवले. सोमवार आणि एकादशी होतेच, त्यात गुरुवार, शनिवार. देवाचंही होतं, देहाचंही. फराळाला भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, दोन केळी. सासूबाईंनी स्वतः पळीभर तूप वाढलं. म्हणाल्या, "खाय बाई, उपासले ताकद पाहिजे." इतकी माया त्यांनी बाळंतपणातही केली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं.
यांनी विचारलं, किती दिवस टिकेल?

मार्ग. वद्य ४
चार उपास मोडले नाहीत. घागर भरून आणते, वाटेत एकदाच टेकवते. गोरखनाथा, तू बघतोयस.

मार्ग. वद्य ३०
दोन मण अकरा शेर.
निजामभाईंना म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी वजनं काढून पुन्हा मांडली. म्हणाले, "भाभी, मी तीनदा पाहिलं." त्यांचे रोजे चालू आहेत, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, ओठ सुकलेले. मी घरून फराळ करून गेलेली.
इतके उपास, आणि तीन शेर जास्त. पारड्यावरून उतरताना साखळी धरावी लागली. घरी येऊन देवापुढे बसले, पण तोंडून नाव निघेना. इतका राग मला देवाचा कधी आला नव्हता.

पौष शु. १
सासूबाई पारावर बायकांत म्हणाल्या, मला ऐकू यावं अशाच आवाजात, "उपास करीसन मानूस सुकस, आमनी वहू फुगस." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन चुलीपाशी बसले आणि मग कळलं त्या काय बोलल्या ते. मी उपासाला जे खाते ते रोजच्या जेवणाच्या दीडपट. शेंगदाणे, तूप, केळी. बाजरीची भाकरी टाकली आणि देवाच्या नावाने मेजवानी जेवले. मॅट्रिक झाले आहे मी.
आजपासून उपासाला एक वेळ दूध. फराळ मुलांना.

संक्रांत
सात घरी गेले, सात घरचा तिळगूळ पदराला बांधून आणला, मुलांना वाटला. एकही तोंडात नाही. एक वडी देवाची म्हणून जिभेला लावली, तेवढंच.
सासूबाई रुसल्या. जेवताना न विचारता ताटात तूप सोडलं. मी ते भाकरीसकट यांच्या ताटात ठेवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरातलं काही चोरलं असावं.

पौष शु. १४
उरलंसुरलं माझ्याच पोटात जातं. खालचा भात, दुधाची साय, मुलांनी टाकलेले तुकडे. टाकवत नाही, लहानपणापासून अन्नाला पाय लागू दिला नाही. आता ठरवलं, मोजूनच रांधायचं. उरलं तर गाईला. आज पहिल्यांदा अर्धी भाकरी गाईपुढे ठेवली. गाय खाईपर्यंत उभी राहिले, वाया गेली नाही ना बघायला.
नदीच्या चढावर आज टेकले नाही.

पौष वद्य ५
यांना काल सांजेपासून ताप. अंग पोळतंय. नवस राहिला म्हणून…
लिहवत नाही.

पौष वद्य ६
ताप तसाच. सासूबाई उशाशी. मी पट्ट्या बदलत होते. मध्येच त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता:
"तुन्हामुये व्हयनं हाई."
म्हटलं, ठाऊक आहे, मी घाट चढले नाही.
"घाटनं नई. तू सुकी राहिनी म्हनून."
कळेना. मग त्यांनी सांगितलं. ज्वर होता तेव्हा त्याही बोलल्या होत्या, मन्हा पोर उठी बसू दे, तुले मन्ही वहू तोलीसन गूळ दिसू. माझ्या भारंभार गूळ. नवस फिटेपर्यंत सांगायचा नसतो म्हणून दोन वर्षं तोंड मिटून. गूळ माझ्याबरोबरच वर चढवायचा, गेल्या वर्षी मी अर्ध्यातून परतले म्हणून तोही राहिला. आणि आता मी जाणूनबुजून हलकी होते आहे.
"देवनं माप कमी कराना नई, बाई."
म्हणून ती पळीभर तुपाची धार. मी तिला माया समजले.
पट्टी हातात तशीच राहिली, पाणी जमिनीवर गळत होतं.

पौष वद्य ८
ताप उतरला. हिवतापच होता, डॉक्टरांनी कोयनेल दिलं. पण माझं डोकं सुटत नाही. माझा नवस पायांचा, तो फेडायला हलकं व्हायला हवं. त्यांचा नवस भाराचा, तो फेडताना हलकं होणं म्हणजे देवाला फसवणं. दोन्ही एकाच माणसासाठी, आणि दोन्ही माझ्याच अंगावर. इतके दिवस शेर उतरला असेल असं वाटलं की आनंद व्हायचा. तो देवाच्या गुळातून कापत होते?
आज नदीवर गेले नाही. दूधही घेतलं नाही. नुसती बसून.

पौष वद्य ११
यांना सांगितलं. अंथरुणात पडूनच हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "म्हणजे आई तुला चढवतेय आणि तू उतरतेयस, आणि मी मधे जिवंत." मला हसू आलं नाही. मग म्हणाले, सगळ्यात जास्त भरलीस तो आकडा धरा. देवाचं कमी नाही, तुझंही अडत नाही.
इतकं सोपं मला का सुचलं नाही.
सासूबाईंना सांगायला धीर होत नाही.

पौष वद्य ३०
सासूबाई स्वतः काट्यावर आल्या. लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून, वजनांकडे टक लावून. निजामभाईंनी तोंड वळवलं, त्यांनी नाही.
दोन मण पाच शेर.
त्यांचा चेहरा उतरला. मी चटकन म्हटलं, आई, गूळ मागल्या अमावास्येचा द्यायचा, अकरा शेरांचा. त्या निजामभाईंना म्हणाल्या, "तुमी पाह्यनं व्हतं ना अकरा?" ते म्हणाले, "माझ्या हातानं तोललं, मावशी." जिनच्या दारात त्या थांबल्या. मग,
"बारा धर. शेरभर मन्हाकडथून. तुन्ही लबाडीना."
ज्या बाईने शेरभर गुळात महिना काढला ती शेर वर देते. मी वाकून पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला तो नेहमीचाच, पण पाठीवर हात जरा वेळ राहिला. की दाबून पाहिलं, किती उरली?

माघ वद्य १३. घाटाच्या पायथ्याशी.
बैलगाडी इथवरच. उजाडलं आहे, यात्रेकरू पुढे निघाले. गुळाच्या ढेपा दोन घोड्यांवर लादल्या, दोन मण बारा शेर. घोडेवाला, डोंगरातला पावरा आदिवासी, म्हणाला, एका घोड्याला जड होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे.
त्यांच्यासाठी डोली ठरवली होती, बसेनात. म्हणतात, गूळ मी बोलले, गुळामागे मीच चालणार. सत्तरीची बाई. यांच्या तोंडाचा रंग गेला. मी म्हटलं, चला आई, माझा हात धरा. "तूच मन्हा धर," म्हणाल्या.
घोडे वळणाआड गेले. माझं सगळं जुनं वजन माझ्याआधी वर चाललं आहे. काळा दगड तिसऱ्या वळणावर आहे, माझ्या लक्षात आहे. तिथवर श्वास पुरला तर पुढचं देव बघेल.
हे हाका मारताहेत. पेन्सिल ठेवते.