कापराचा दोष

रोल्ला, शारजा
१८ सप्टेंबर १९९८

चि. हेमचंद्रास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे वाकतात ना? माझे वाकतात, पण पुन्हा सरळ व्हायला कबूल नसतात. पत्र सूनबाई मनोरमा लिहिते आहे. मी सांगते त्यातलं अर्धं ती गाळते, म्हणून तिच्या भाज्यांबद्दल काही कळवत नाही.

आमच्या सूर्यकांताचं ऐक. गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारून मारून पोराच्या छातीत पिपाणी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाला, हा दमा रंगामुळे आहे, रंग सोडा. (या सल्ल्याचे पन्नास दिऱ्हम, म्हणजे आपले साडेपाचशे रुपये! रंग सोडल्यावर घरभाडं कोण भरणार, ते मात्र त्या पन्नासात बसत नव्हतं.) कंपनीच्या कार्डावर औषध फुकट, पण मग कंपनीला कळणार, आणि कळलं की व्हिसा खलास. म्हणून दम्याचा पंप स्वतःच्या पैशाने आणायचा आणि संडासात लपून ओढायचा. त्यापायी वरदची स्कूलबस बंद झाली. नातू उन्हातून चालत येतो आणि वर मलाच म्हणतो, "इट्स ओके, आजी."

त्यात मी घोळ घातला. गणपतीला सूर्यकांताचा फोरमन नेल्सन जेवायला आला. वसईचा, भला माणूस. पाहुण्यासमोर आरती फिकी नको म्हणून मी मूठभर कापूर पेटवला. एसीपायी खिडक्या बंद. दुसऱ्या कडव्यालाच सूर्यकांत असा घुसमटला की हातातले टाळ खाली पडले. मी म्हटलं, "गहिवरलाय हो, फार भाविक आहे."

नेल्सन म्हणाला, "आई, हा निळा पडतोय!"

दुसऱ्याच दिवशी सूर्यकांताला स्टोअरमध्ये बसवलं, निम्म्या पगारावर. नेल्सनने दयेनेच केलं रे, पण भाड्याला दया पुरत नाही. मग आमच्या शहाण्याने कंपनीच्या डॉक्टरला पटवलं की छाती ठणठणीत आहे, दोष सगळा म्हातारीच्या कापराचा. डॉक्टरला पटलं. उद्यापासून पुन्हा स्प्रे. म्हणजे घरात कापूर बंद आणि गॅरेजात रंग चालू!

बाकी सगळं उत्तम, असं तिकडे विचारतील त्यांना सांग.

तुझी ताई

ता. क. आम्ही सगळे कायमचे आलो तर माडीवरची खोली मिळेल का? (ही ओळ मी सांगितलेली नाही. मनोरमाने मनानेच लिहिली. वाचून दाखवताना ती इथे अडखळली, म्हणून मी खोदून विचारलं.)

आणखी एक. खरं काम हे : तू मरायला टेकलास अशी तार कर. सूर्यकांत आमचं ऐकत नाही, पण मामासाठी काम टाकून तिकडे धावत येईल. हार्टचं लिही. दम्याचं लिहू नकोस, दम्यासाठी कुणी कामाला खाडा करतं का, असं म्हणेल.