गाळलेली ओळ

प्रिय चिमणे,

९ जून, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तुझ्या सहीचा रिपोर्ट माझ्या हातात पडला ती वेळ. माझ्या नातीच्या रक्तातला आकडा, शेजारी छापलेली मर्यादा, खाली 'नॉर्मल'. मर्यादा मोठ्या माणसांची होती, पोरगी सहा वर्षांची; तिच्या वयाला तोच आकडा धोक्याचा. जन्मभर लॅब चालवलेल्या मीही तेवढा एक शब्द वाचला आणि लेकीला म्हटलं, बघ, उगाच जीव टांगणीला लावलास.

पोरीचा जनुकांचा दोष जन्मापासूनचा. अशा मुलांचं हृदय कुरकुर न करता थकतं. हृदयावर ताण आला की रक्तात एक प्रथिन वाढतं, धाप लागायच्या आधीच कळतं; म्हणून तर दर सहा महिन्यांनी तुझ्याकडे आणायचो. न सांगता हात पुढे करायची, वर तुलाच दटावायची, रडू नकोस हं, मुंगीच चावते. आता पलंगावरून उतरतानाही तिचे ओठ निळे पडतात. ऑपरेशनची वेळ गेली, डॉक्टर म्हणाले. जूनमध्ये कळलं असतं तर, एवढंच म्हणाले.

जावई तुझ्याविरुद्ध तक्रार करतोय आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आहेस. कुणी मागितला होता गं हा चांगुलपणा?

रिपोर्टचा फॉर्म दुसऱ्या पानावर जात होता म्हणून लहान मुलांच्या मर्यादांची ओळ कुणी गाळली, हे तुला पक्कं आठवतंय. तू नवीन होतीस. भीतभीत विचारलंस, बाई, पोरांचं काय? मी म्हणाले, इथे म्हातारे येतात, शहाणपणा पुरे, नळ्या मशीनला लाव. मी निवृत्त झाले, फॉर्म तोच राहिला. तुझी चूक एकच, माझं ऐकलंस.

लेकीला सांगायला तीनदा बसले. तिन्ही वेळा तिनंच माझा हात धरला, आई, तू होतीस म्हणून निभावलं. तिन्ही वेळा तशीच उठले.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चूक शाईनं, पूर्ण वाक्यांत लिहून घ्यायच्या. तशी तू माझी लिही, माझ्या नावानिशी, लेकीच्या पत्त्यावर. ती ओळ आजच्या आज फॉर्मवर परत घाल. तक्रारीवरचं तुझं हे लेखी उत्तर लेकीकडे शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत पोचलं पाहिजे. शनिवारी पोरीला घरी आणतोय, डॉक्टरांनी हात टेकलेत. तिच्या उशाशी आपल्या शेजारी कोण बसलंय, हे लेकीला त्याआधी कळायला हवं.

तुझीच,
बाई