तक्त्यातला राहिलेला रकाना

ता. ४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण पत्र बाजूला टाकू नकोस. भांडायला लिहीत नाहीये. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला एकमेकांच्या अंगावर धावून जातो, आणि मला तुझ्याकडून काम आहे. इकडे सगळं ठीक. बाबा बरे आहेत. वहिनीला नमस्कार सांग, आणि भाचीला सांग की तिला एक आत्या आहे.

तर काम गाडीचं आहे.

बाबांची गाडी, हो, तीच. ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यावर छपरावरची पाटी उतरवली, बाबांच्या पायाशी असलेला जादा ब्रेक काढला, पण गाडी काही त्यांनी विकू दिली नाही. आता मी चालवते. गेल्या दीड महिन्यात तिने माझा नुसता जीव खाल्लाय. एक दिवस एका किल्लीत चालू, आणि दुसऱ्या दिवशी घरघर, घरघर, घरघर, पण पकडायचं नाव नाही. मी किल्ली फिरवतेय, घामाघूम होतेय, आणि ही बया ढिम्म!

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपाचा रिले बदलला. पण गंमत अशी की बोलावून आणल्यावर त्याच्यासमोर गाडी हमखास चालू होते. मग तो हात पुसत म्हणतो, "ताई, गाडीला काही झालेलं नाही." आणि माझ्याकडे असा बघतो, जणू बिघाड माझ्यातच आहे. शेवटी त्याने उपाय सांगितला. पंप मागच्या सीटखाली असतो, अडकत असेल, तर सीटवर दणादण बुक्क्या मारायच्या. मारल्या मी! समोरच्या गॅलरीतल्या काकू बघतायत, मी मागे सीट बडवतेय, पुढे बाबा त्यांचं पिवळं फडकं घेऊन डॅशबोर्ड पुसतायत. आणि खरंच, "राहू दे आता" म्हणत पुढे येऊन किल्ली फिरवली तर चालू! पण तोवर उशीर झालेला असतो, जायचं रद्द होतं.

तुला माहीतच आहे, रक्ताच्या लॅबमध्ये काम करून मला नोंदी ठेवायची खोड लागलीय. सोबत तक्ता जोडलाय. तारीख, वेळ, किती गरम होतं, टाकीत पेट्रोल किती, गाडी उन्हात होती की सावलीत, आधी कधी चालवली होती. एकोणीस वेळा काढली, त्यात सहा वेळा नाही म्हणाली. मी तो तक्ता उभा वाचला, आडवा वाचला, कशाचा कशाला मेळ नाही. तू दिवसभर गाड्यांच्या वायरीच बघतोस, तुला काही दिसेल.

मला ती अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी सकाळी, चालू व्हायलाच हवी आहे. का ते विचारू नकोस. एक काम आहे. त्याच्यापुढची तारीख मिळणार नाही.

बाबा बरे आहेत, काळजी करू नकोस.

तुझी,
टिकटिक
(तूच ठेवलेलं नाव. अजून बसल्या जागी पाय हलतोच.)


ता. १५ मार्च

प्रिय दादा,

सहा वर्षांनी आलेलं तुझं पत्र, आणि त्यात ओळी किती, तर चार! "कशी आहेस" हे लिहायला पाचवी ओळ लागली असती. असो. आलं हेच खूप. टेबलावर दोन दिवस तसंच ठेवलं होतं, मग चहा गाळता गाळता उघडलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

किल्ली अर्धी फिरवल्यावर मागून पंपाचा बारीक "झूं" आवाज येतो का? मी कान देऊन ऐकलं. गाडी चालू होणार असते तेव्हा येतो. नसते तेव्हा काही म्हणजे काही येत नाही. काल सातव्यांदा बंद पडली तेव्हा मागच्या सीटला कान लावून झोपलेच मी. शांत.

फ्यूज शाबूत आहे. मिस्त्रीने पंपाला बाहेरून वायर जोडून बघितली, पंप झकास फिरला. म्हणजे पंप ठीक, फक्त कधीकधी त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही. बरोबर ना? मग मध्ये कुठे अडतो?

आणि तुझा तिसरा प्रश्न. "तक्त्यात एक रकाना नाही. कुठे निघाला होतात?"

दादा, हा काय प्रश्न झाला? गाडीला काय कळतंय, कुठे जायचंय ते? कामाला निघालो होतो, अजून काय. बाजार, दवाखाना, इकडे तिकडे. तू सगळ्या गिऱ्हाइकांना असलं काही विचारतोस का? मला राग आला, खरंच आला. मी इतकी मेहनत करून तक्ता बनवला आणि तू बोट ठेवलंस ते नेमकं नसलेल्या गोष्टीवर. लहानपणी माझी चित्रं बघून पण असंच करायचास.

बाबा ठीक आहेत. थोडं विसरतात, वयाच्या मानाने. मागच्या आठवड्यात मी लॅबमध्ये असताना घरातून निघून गेले. आरटीओच्या ट्रायलच्या मैदानावर सापडले. तिथे एका अनोळखी माणसाच्या गाडीत शेजारी बसून त्याला रिव्हर्स शिकवत होते. तो बिचारा म्हणाला, "काका चांगलं शिकवतात हो, पण मला लायसन मिळून बारा वर्षं झाली." मी हसले तिथे. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. गॅस दोनदा उघडा राहिला. आता मी बटण काढून पर्समध्ये घेऊन जाते. मला कधी कधी ते "अक्का" म्हणतात, स्वतःच्या बहिणीला म्हणायचे तसं. मी ओ देते.

हे सगळं तुला सांगायचं नव्हतं. गाडीचं सांगायचं होतं.

त्या दिवशी, आई गेल्यानंतर, मी तुला जे म्हणाले ना, की या घरात तू पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा ये आणि जा, ते... राहू दे. रकाना नंतर भरते. तू वायरीचं सांग, तेरा दिवस राहिलेत.

टिकटिक


ता. २८ मार्च, दुपार

प्रिय दादा,

आज लॅबमध्ये गेले नाही. बाबा जेवून झोपलेत. रकाना भरून पाठवते आहे, सोबत जोडलाय, पण इथेही लिहिते, कारण कागदावर नुसती फुली मारून हे संपणार नाही.

बाजार, चालू. लॅब, चालू. दवाखाना, चालू. बाबांना केस कापायला नेलं, चालू. सातही वेळा बंद पडली ती तिकडे जाताना. तिकडे म्हणजे गावाबाहेर टेकडीच्या पलीकडे एक जागा आहे. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. स्वच्छ आहे, बाग आहे, नर्स आहे, चालवणाऱ्या बाई फोनवर नीट बोलतात. मी दोन महिन्यांपासून बाबांना तिकडे नेऊन दाखवायला बघत होते, आणि आज, अठ्ठावीसला, कायमचं सोडायला. पलंग राखून ठेवला होता. आज नाही गेलो तर तो दुसऱ्याला जाणार होता. हे काम होतं माझं. हेच तुला सांगायचं टाळत होते, आणि तू चार ओळींत तिथेच येऊन उभा राहिलास.

तुझं दुसरं पत्र शनिवारी मिळालं. डॅशबोर्डचं चित्र, शेजारच्या सीटच्या बाजूला बाण, आणि खाली, "ॲश ट्रेच्या मागे बोट घाल. मी बसवलं होतं, शिकाऊंची परीक्षा घ्यायला." घातलं बोट. बारीक बटण लागलं, गुळगुळीत झालेलं. खटक, पंप बंद. खटक, पंप चालू.

मी कपाळावर हात मारला, दादा! मिस्त्री आठवडा आठवडा डोकं खाजवतोय, मी सीट बडवतेय, आणि बाबा पिवळं फडकं घेऊन शेजारी बसलेत. मी मिस्त्रीला बोलवायला गेले नाहीतर जायचं रद्द झालं, की पुसता पुसता बटण परत चालू करून, साळसूदपणे घरात! आणि तुम्ही दोघं? शिकाऊ माणूस चालत्या गाडीत घाबरतो की डोकं ठिकाणावर ठेवतो, ते बघायला हे बटण बसवलंत, आणि वीस वर्षं मला पत्ता नाही. म्हणजे मी शिकत होते तेव्हा त्या चौकात मधोमध गाडी बंद पडली, मागून सगळे हॉर्न वाजवत होते आणि मी भोकाड पसरलं, ते तुमचं काम होतं तर! तू मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होतास, आठवतंय मला. नालायक.

शनिवारी संध्याकाळी चहा पिताना मी बाबांना विचारलं. म्हटलं, "बाबा, बटण तुम्ही बंद करता ना?" त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, अगदी पूर्वीसारखं, शिकवताना बघायचे तसं. म्हणाले, "तू स्वयंपाकघरातून फोन करतेस त्या बाईंना. मी विसरतो गं, पण बहिरा नाही झालो."

एवढंच. मग बिस्किट बुडवून खाल्लं आणि पाच मिनिटांनी मला विचारलं, अक्का, चहा झाला का.

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली. आणि रागही आला, कारण मी एकटी आहे, दादा. मी वाईट नाहीये. मला झोप नाही, मला लॅब सोडता येत नाही, एक दिवस ते गाडीखाली येतील नाहीतर घर पेटवतील या भीतीने मी दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावत असते. मागच्या महिन्यात दोन पकडल्या गेल्या. म्हणून मी ठरवलं, बटण माहीत झालंय, आता कोण अडवतंय. मंगळवारी न्यायचंच.

आज सकाळी त्यांचे कपडे बॅगेत भरले. निळा स्वेटर, जादा चष्मा, आईचा फोटो. ते बूट घालून तयार बसले होते. गाडीत बसले, पट्टा लावला, मला म्हणाले, आरसा बघ. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. फडकं मांडीवर होतं, हात फडक्यावर होते. मी आधी बटण तपासणार होते, पण म्हटलं बघू तर खरं. किल्ली अर्धी फिरवली.

झूं.

पूर्ण फिरवली. एका किल्लीत चालू.

दादा, ते बटण विसरले. दोन महिने घरातलं काहीही आठवत नव्हतं तेव्हा तेवढं एक त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि आज तेही गेलं. ते पुढे बघत होते, खुशीत, फिरायला निघाल्यासारखे. त्यांच्याकडे नाही म्हणायला आता काही उरलेलं नव्हतं.

मी फाटकाबाहेर गाडी काढली. वळणापर्यंत गेले. तिथे टेकडीकडे जायला उजवीकडे वळायचं. आणि मी काय केलं माहितीये? वाकले, त्यांच्या गुडघ्यांवरून हात घातला आणि ॲश ट्रेच्या मागचं बटण दाबलं. गाडी थोडी पुढे गेली, गचके खाल्ले आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होते.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "घाबरायचं नाही. गाडी बंद पडली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. हात सैल सोड. श्वास घे. आता शांतपणे बाजूला घे." आणि मग नावाने हाक मारली. अक्का नाही. माझ्या नावाने.

पलंग गेला. त्या बाईंना फोन करून सांगितलं, गाडी बिघडली.

मी हे एकटीने रेटू शकत नाही, हे तुला स्वच्छ सांगते. पुढे काय करायचं तेही मला माहीत नाही. कदाचित त्यांना तुझ्याकडे न्यायचं असेल, कदाचित तू इकडे यायचं असेल, कदाचित शेवटी ती टेकडीच असेल, पण मग त्या वळणावर तू माझ्या शेजारी असायला हवास. त्या दिवशी मी तुला पाहुणा म्हणाले ते चुकलं माझं. सहा वर्षं रोज चुकतंय. तू ये. या आठवड्यात ये. आज त्यांच्या डोक्यातून बटण गेलं, उद्या तू जाशील.

गाडी घरासमोर उभी आहे. बटण मी बंद करून ठेवलंय, आणि ते कुठे आहे हे आता तुला आणि मलाच माहीत आहे.

गाडी बंद ठेवून वाट बघणारी,
तुझी टिकटिक