मासे आले ती संध्याकाळ

रविवार, रेवदंडा

आज टाकीत मासे आले. इतके दिवस नुसतं पाणी आणि हिरवी पानं होती. पाणी तयार झाल्याशिवाय मासे सोडू नका, असं अलिबागच्या दुकानदारानं बजावलं होतं. ऋतूनं, माझ्या लेकीनं, पिशवी हलकेच रिकामी केली आणि मासे जे पानांमागे दडले ते बाहेरच येईनात. ती रडवेली झाली.

माझे सासरे दारात उभे होते. काशीदचं घर आणि होडी सोडून आमच्याकडे आल्यापासून बाबा मागच्या पडवीतच बसतात. विचारलं तेवढंच बोलतात. टाकी आणली तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मासं काय पाळायचं असतंय व्हय?"

आज मात्र ते आत आले. "दिवा बंद कर, बाय. नवीन जागा हाय. जरा बसू दे त्यांना."

दोघं काचेपुढे बसून राहिली. पाणी हिरवट, मग निळसर, मग नुसतंच चमकतं. मीही किती वेळ पाहत होते कोण जाणे. नवीन जागा हाय... हे ते माशांबद्दलच बोलत होते ना?

एक केशरी शेपटी पानाबाहेर आली. बाबांनी ऋतूचा हात धरला.

"सूनबाय, माजं ताट हितंच आण."

या घरात त्यांनी आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. ताटात बोंबलाचं कालवण होतं. ते काचेकडे पाठ करून जेवले.