पंपावर गर्दी होती

दादा, आज बोरीच्या एका माणसाची गाडी खोलली आणि दिवसभर मी तुमच्याशी भांडत होते. मनातल्या मनातच. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की आळेफाट्यावर तुम्हाला ओळखणारी माणसंही फार उरली नाहीत. बायपास झाला, तुमची पत्र्याची शेड गेली, गॅरेज मी आळे गावाकडच्या रस्त्याला आपल्या घरापुढेच आणलं. पण पाटी तुम्ही रंगवलेलीच आहे आणि भांडणही त्याच काळातलं आहे. ते तुम्ही होता तेव्हाच करायला हवं होतं, पण तेव्हा तुमच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

तुमची नखं पाने फिरवून फिरवून जाड आणि बोथट झाली होती. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकामागची तबकडी दोन्ही अंगांनी आवळून धरणारा तो लोखंडी जबडा, तुम्ही खोलायचात, त्याच्या पोटातला वाटीएवढा पिस्टन हवेच्या दाबाने बाहेर काढायचात आणि पुसून माझ्या हातात द्यायचात. एकदा तो निघत असताना मी मध्ये बोट घातलं तर तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका मारलात की हातातला चहा सांडला. "बोट ऱ्हाईल का जागंवर?" एवढंच बोललात, आणि मग नेहमीसारखं, "फिरव नख. माज्या नखाला काय कळत न्हाई आता." मी डोळे मिटून सगळ्या गोलाईवरून नख फिरवायचे. कुठेच अडकलं नाही तर नवं रबरी सील घालून तोच पिस्टन परत बसायचा. गंजाच्या खड्ड्यात नख जरा जरी अडकलं तर तो बाद, मालकाने कितीही गयावया केली तरी. त्या खड्ड्यावर सील फाटणार, ऑइल झिरपणार आणि ऐन वेळी ब्रेक पायाखालून जाणार, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. आणि त्यापुढे तुमचा तो नियम. ज्याच्या नखाने पिस्टन पास केला, त्याने ट्रायलला शेजारी बसायचं. म्हणजे मीच.

इतर पोरींना त्यांचे बाप जत्रेला न्यायचे, तुम्ही मला बोरीच्या वाटेवरच्या, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर न्यायचात. मी शाळेच्या कपड्यांत शेजारी बसलेली आहे, उतार सुरू झालाय, खालचा पूल मोठा मोठा होत चाललाय, आणि माझे दोन्ही पाय खालचा पत्रा दाबून धरतायत. तुमच्या हाताची मला भीती नव्हती. माझ्या नखाची होती. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता तुम्हाला बोलायची. "पोटची पोर हाय ती, वजनाला ठिवायचा दगुड न्हाई." तुम्ही मान खाली घालून जेवायचात आणि शेवटी म्हणायचात, "तिचं नख खोटं बोलत न्हाई." मला त्याचा अभिमान वाटायचा आणि रात्री घामही फुटायचा. मोठी झाल्यावर अभिमान ओसरला आणि राग राहिला. स्वतःच्या कामाची खात्री पटवायला कोणी पोरीला पणाला लावतं का?

आणखी एक तुमची खोड होती, तिचा मला फार कंटाळा यायचा. मी बसायला तयार होऊन उभी राहिले की तुम्ही म्हणायचात, "थांब हितंच, डिझेल टाकून येतो," आणि एकटेच निघून जायचात. मी पायरीवर बसून वाट बघायचे. आई म्हणायची, पान खात बसले असतील. एकदा तर तुम्ही गाडी न आणता पायीच परत आलात, कोपर सोलवटलेलं, सदऱ्याला माती. जीप कुणाच्या तरी बांधाला लावून आला होतात. "डिझेल संपलं," म्हणालात. आईने काही न विचारता कोपराला हळद लावली. आणि त्या दिवसानंतर तिचं ते दगडाचं बोलणं बंद झालं. ती दमली असेल, असं मी धरून चालले.

तर आजची गाडी. पुढचं डावं चाक तापत होतं, गाडी एका अंगाला ओढत होती. खोलून बघते तर धूळ अडवणारं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन गंज धरलेला. मालक डोक्यावर उभा. त्याला उद्या माळशेज घाट उतरून कल्याणला जायचंय, लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायला. परवा अमावस्या, सासरचे त्या दिवशी निघू देणार नाहीत, आणि त्यापुढे डॉक्टर प्रवास करू देणार नाही.

"ताई, पालिश पेपर मारा की जरा. पोरगी आली की मग नवा टाकू."

मी पिस्टन पुसला आणि नख फिरवलं. दादा, मला काहीच कळलं नाही. खड्डे डोळ्यांना दिसल्यासारखे वाटत होते, पण ते नुसते डाग आहेत की खोल आहेत, हे माझं नख सांगेना. तुमच्यासारखंच झालंय ते. मी पिस्टन मालकाला दिला. त्याने अंगठ्याने चोळला, म्हणाला, "लई गुळगुळीत हाय." त्याला तो गुळगुळीत हवाच होता.

आई चहा घेऊन आली होती. तुमच्या माघारी तिने कधी गॅरेजातल्या वस्तूला हात लावला नव्हता. तिने कप खाली ठेवले, मालकाच्या हातून पिस्टन घेतला, पदराने पुसला आणि डोळे मिटले. "हितं अडाकतंय," ती म्हणाली. "आणि हितं बी."

"मावशी, तुमाला त्यातलं काय कळतंय?" मालक चिडला. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

"मला न्हाई कळत. नखाला कळतंय."

मी पिस्टन बाद केला. मालक म्हणाला, दुसऱ्या गॅरेजला जातो. मग चाक नसलेल्या गाडीकडे बघून तिथेच खाली टेकला. मी पुण्याच्या दुकानात फोन केला, राजुरीचा एक टेम्पोवाला माल उतरवून रिकामा परतत होता, त्याच्याकडे पिस्टन आणि सीलचा संच द्यायला सांगितला. तोवर मी सीलची खाच साफ करत बसले, तुम्ही दिलेल्या बांबूच्या काडीने. दहावी झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली, मला काचेने तासलेली ही काडी. लोखंडी टोकाने खाचेला ओरखडा पडतो म्हणून. तेव्हा मी रडले होते, आता ती कुणाला देत नाही. दुपार कलल्यावर टेम्पो आला. आईने नव्या पिस्टनवरूनही नख फिरवलं. ब्रेक ऑइलमध्ये भिजवून सील बसवलं, पिस्टन हाताने सरळ आत गेला. मालकाला ब्रेकच्या पॅडलवर पाय देऊन बसवलं आणि पाइपातली हवा काढली. दाबा, धरा, सोडा. पॅडल दगडासारखं घट्ट झालं तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर हसू आलं.

हात धुऊन वळते तर आई पुढच्या सीटवर बसलेली, पदर खोचून. "नवा पिस्टन म्या पास केला. मंग म्याच बसनार."

काम चोख झालं होतं, मला माहीत होतं. तरी तिचे वाळके पाय खाली टेकलेले दिसले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आई, जरा उतर. डिझेल टाकून येते."

मालक म्हणाला, "ताई, टाकी फुल्ल हाय. सकाळीच भरली."

आई उतरली. मी एकटी निघाले. पंपावरून पुढे गेले, बोरीच्या उतारावर गाडी मोकळी सोडली आणि पुलाच्या अलीकडे सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. मी मात्र बराच वेळ स्टेअरिंग धरून बसून राहिले, कारण ते सोलवटलेलं कोपर आठवलं. जीप बांधाला गेली त्या दिवशी शेजारची सीट रिकामी होती, दादा. दर ट्रायलच्या आधी ती रिकामी असायची. मी ज्या उतारावर जीव मुठीत धरून बसायचे, तो तुम्ही घटकाभरापूर्वीच एकट्याने उतरून बघितलेला असायचा. मी तिथेच हमसून रडले. ट्रॅक्टरवाला थांबून विचारून गेला, "काय झालं, ताई?" मी म्हटलं, काही नाही, ब्रेक बघतेय.

परत आले तेव्हा आई पायरीवर बसली होती, मी बसायचे तिथेच. "उशीर केलास," म्हणाली.

"पंपावर गर्दी होती."

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग गाडीत चढून बसली. "व्हय," म्हणाली, "त्यांच्या येळंला बी असायची."

मग आम्ही दोघी उतार उतरलो. तिचे पाय पत्रा दाबत होते आणि मी ते न बघितल्यासारखं केलं. मालक गाडी घेऊन गेला. उद्या त्याची लेक घाट चढून माहेरी येईल. हा कागद कुठे पाठवायचा नाही, काडीबरोबर तिच्याच डबीत ठेवायचाय. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी त्या उतारावर सुखाने बसले असते. पण मग नख तितकं जपून फिरवलं असतं का, ते मला छातीठोक सांगता येत नाही. राग गेला, असं लिहिणार होते. अजून थोडा आहे, दादा. तेवढा असू द्या.