आरसेवाली

१८ ऑगस्ट १९५७, रविवार
आज सुट्टी. तरी हे सकाळीच देवळात! वही, पेन्सिल, मोजपट्टी घेतली आणि मी न्याहारी करा म्हणेपर्यंत दारातून पसार. तलावाच्या पाळीवर महादेवाचं जुनं देऊळ आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्याच्या दारापाशी एक दगडाची बाई हातात आरसा घेऊन नटत उभी आहे. गाव तिला आरसेवाली म्हणतं. यांनी तिची सदतीस चित्रं काढलीत. मी मोजली. माझं एक नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली. शिवरात्रीला मला नागऱ्याच्या देवळात दर्शनाला नेलं, तर तिथंही खांबच बघत बसले. वर म्हणतात, "आपल्या आरसेवालीची सर नाही कोनाले." आपल्या!

२१ ऑगस्ट
नागपूरहून पत्र आलं. जुन्या देवळांचे साहेब येणार आहेत. आमच्या देवळाच्या देखरेखीला माणूस नेमायचा आहे, आणि यांचं नाव विचारात आहे. हे अंगणात अक्षरशः नाचले! शाळेत मास्तर म्हणून लागले तेव्हा नव्हते नाचले. आमच्या लग्नात तर तोंड एवढंसं करून बसले होते.

२३ ऑगस्ट
पोळ्यासाठी आणलेलं निळं लुगडं आजच नेसून पाहिलं. विचारलं, कसं दिसतं? "चांगलं आहे." मान वहीतच.

२६ ऑगस्ट, सोमवार
पहाटे अंधारातच जमीन हलली! आधी जवळून मालगाडी जावी तसा आवाज. मग खाट सरकली, फळीवरची भांडी कोसळली, गोठ्यात बैल दावं तोडायला लागले. सासूबाई ओरडल्या, "केशो! घर पडून राहिलं!" आम्ही दोघी कशाबशा अंगणात आलो. आणि हे? कंदील उचलला आणि धावले—देवळाकडे! आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. स्वयंपाकघराची भिंत आमच्या डोळ्यांदेखत खाली आली. मी तिथं असते तर? तर काय, पहिली चौकशी तिचीच झाली असती.

उजाडल्यावर गावानं मारबत काढली. काल पोळा झाला ना. दुसऱ्या दिवशी घरातलं फुटकंतुटकं, जुन्या केरसुण्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं, हे दरसालचंच. यंदा लोक भेदरलेले. "भूकंप घेऊन जा गे मारबत!" अशा आरोळ्या. मीही टोपलीत फुटकी मडकी घालून निघाले. वाट देवळावरूनच जाते. पुढचा मंडप सगळा जमिनीवर! हे कुठं दिसले नाहीत. आणि तिथं टरोट्याच्या झाडोऱ्यात तिचं तोंड पडलं होतं, मानेपासून तुटलेलं, नारळाएवढं. तरी हसत होती!

मला काय झालं कोण जाणे. उचललं, टोपलीत घातलं, वर केरसुणी झाकली. शिवेपलीकडे धानाच्या बांधावर फेकून दिलं आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले—घेऊन जा गे मारबत!

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

२७ ऑगस्ट
यांनी तिचे नऊ तुकडे बैलगाडीतून आणून पडवीत ओळीनं मांडले. खाली गोणपाट! पडलेल्या भिंतीला मात्र मी आणि सासूबाई चिखल लावतोय. तोंडाचं काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. तिच्यासाठी उपास!

३० ऑगस्ट
तुकड्यांपाशी बसून असतात. बसा.

९ सप्टेंबर
हे कसं घडलं देवा!

शेजारच्या मंदाबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या धानात निंदण चाललं होतं. "मास्तरीनबाई, आमच्या बांधीवर माय निघाली जी! जमीन हालली तवा खालून वर आली! चाला लवकर, ओटी घ्या!" बाया जमल्या होत्या. शेंदूर फासलेला, नारळ फुटलेले, कोणी कोंबडंही कापलं होतं. नाव ठेवलं भुईमाय. शेंदराखाली नाक-डोळे बुजले, पण मी ओळखली. ओळखणार नाही?

सासूबाईंनी माझी मान दाबून पाया पडायला लावलं. "माग, लेकरू माग!" मी टाकलेल्या तोंडापुढं मीच डोकं टेकलं! देवळात होती तेव्हा एकाच माणसाची होती, आता अख्ख्या गावाची झाली. आणि मी? मी होते तिथंच.

हे आले नाहीत. वह्या तपासायच्या आहेत म्हणाले.

१५ सप्टेंबर
साहेब येऊन गेले. पडवीत चित्रं पसरून बसले होते. "क्या सुंदर औरत है, मास्तर!" मेली तुकडे होऊनही कौतुक करून घेते!

मग म्हणाले, बाकी सगळं जुळतंय, तोंड कुठं आहे? ते मिळालं तर मूर्ती उभी राहील. लोकांनी नेलं असेल तर पोलीस पाठवून आणवतो. आणि नेमणुकीआधी त्या तुकड्याचं काय झालं ते मास्तरनं लिहून द्यायला हवं. पोलीस आले की भुईमाय कोणी आणून टाकली ते निघणार. गाव मला जिवंत सोडेल का? आणि हे?

हे शांतपणे म्हणाले, "लिहून देतो, साहेब."

मी दाराआड होते. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. भीती होतीच, पण मनात हेही होतं की तोंड मिळालं तर ती पुन्हा उभी राहील. हेही लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर
नागपूरचं पत्र आलं. देखरेखीला दुसरा माणूस नेमला. यांनी वाचून घडी घातली आणि बैलांना पाणी दाखवायला निघाले. मला राहवलं नाही. "काऊन असं केलं जी त्यायनं?"

"मी लिहून देल्लो ना. ते तोंड माझ्या हातून तलावात पडलं म्हणून."

"पण ते तं—"

"मले मालूम आहे कुठं आहे ते. तू टोपलीत घातलंस तवा मी मांगच्या खांबाआड उभा होतो."

सहा वर्षं मी म्हणत आले, हे तिच्याचकडे बघतात. त्या सकाळी ती समोर तुटून पडली होती, आणि हे उभं राहून बघत होते ते मला.